घरचे श्रीखंड, पन्हे आणि कोकम सरबत: कुठे बिघडते आणि कसे सावरावे

मे महिन्यात तुमच्याकडे वास्तुशांत आहे, चाळीसएक माणसे जेवायला असतील आणि गोडाचा पदार्थ व सरबते बाहेरून न आणता घरीच करायची आहेत, असे तुम्ही कळवले आहे. त्याबरोबर तीन अडचणीही मांडल्या आहेत. श्रीखंडात साखर मिसळली की ते सैल पडते आणि दुसऱ्या दिवशी आंबट लागते. पन्ह्याचा गर फ्रीजमध्ये ठेवूनही पंधरवड्यात फसफसू लागतो. आणि कोकम सरबताला हवा तसा लाल रंग येत नाही, शिवाय कधी कधी ते साखर घालूनही खारटच लागते. हे पदार्थ मी अनेक वर्षे घरगुती प्रमाणावर करून देते आणि शिकवतेही, त्यामुळे याच तीन तक्रारी मला सतत ऐकायला मिळतात. त्यांतली खारटपणाची तक्रार वेगळी आहे, ती पुढे घेते; पण बाकीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच गोष्टीत सापडते. पदार्थात पाणी किती उरले आहे आणि त्या पाण्याला पुरेशी साखर मिळाली आहे की नाही, याचा हिशेब आपण मांडत नाही. साखर आपण जिभेला विचारून घालतो. तिचे अर्धे काम चवीचे असले, तरी उरलेले अर्धे पाणी बांधून ठेवण्याचे आहे.

श्रीखंडापासून सुरुवात करू, कारण त्यात बिघडायला सर्वांत जास्त जागा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा चक्का टांगण्याच्या आधीच्या आहेत. दूध म्हशीचे, पूर्ण सायीचे घ्यावे. गायीच्या दुधाचेही श्रीखंड होते, परंतु त्यात स्निग्धांश आणि केसीन हे प्रथिन कमी असल्याने दही नाजूक लागते, चक्का कमी निघतो आणि तो थोडा चिकट होतो. दूध नुसते वर येईपर्यंत तापवून उतरवू नये. उकळी आल्यावर मंद आचेवर पाच ते सात मिनिटे हलवत राहावे. या उष्णतेने दुधातली निवळीबरोबर, म्हणजे दह्यातून निथळणाऱ्या पाण्याबरोबर, वाहून जाणारी प्रथिने केसीनला धरून बसतात आणि दही घट्ट व मऊ लागते. मग दूध कोमट होऊ द्यावे. स्वच्छ बोट बुडवून दहा अंक मोजेपर्यंत सहज ठेवता आले पाहिजे आणि तरी ऊब जाणवली पाहिजे. थर्मामीटर असेल, तर ४० ते ४२ अंश सेल्सिअस. यापेक्षा गरम दुधात विरजणातले जीवाणू दुबळे होतात आणि दही लागायला उशीर होतो, थंड दुधात ते रेंगाळतात, आणि दोन्ही वेळा इतर नको असलेल्या जीवाणूंना वाढायला सवड मिळते. त्यातून तारेचे किंवा कडवट दही होते.

विरजण ताजे, गोड दह्याचे असावे. एका लिटरला एक लहान चमचा पुरतो. तो थोड्या दुधात मोडून मग सगळ्या दुधात नीट मिसळावा. जास्त विरजणाने दही लवकर लागते हे खरे, पण ते लवकर आंबटही होते. उन्हाळ्यात चार ते सहा तासांत दही लागते, आणि तुमच्या आंबटपणाचा उगम बहुधा इथेच आहे. रात्री दहाला विरजण लावून सकाळी आठला भांडे उघडले, तर मे महिन्यात ते दही लागून चार तास उलटलेले असतात आणि तेवढा वेळ आम्लता वाढतच राहिलेली असते. मग ते दही सकाळभर स्वयंपाकघरात टांगले, की आणखी आंबते. विरजण दुपारी लावावे, संध्याकाळी भांडे हलवून पाहावे, आणि दही कडेपासून सुटून एकसंध हलू लागले की लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. दोन तासांनी ते थंड आणि घट्ट झाले की टांगावे. आंबट झालेल्या दह्यावर जास्त साखर हा उपाय होत नाही. श्रीखंड गोडही लागते आणि आंबटही, आणि वाढलेल्या साखरेमुळे ते आणखी सैल होते.

टांगण्यासाठी मलमल किंवा जुना, पुष्कळदा धुतलेला सुती पंचा घ्यावा. साबणाचा किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा किंचितही वास असेल, तर तो चक्का उचलतो आणि केशर-वेलचीनेही जात नाही. म्हणून कापड आधी साध्या पाण्यात उकळून पिळून घ्यावे. पहिले दोन तास पुरचुंडी बाहेर टांगून मोकळे पाणी वाहू द्यावे. नंतर ती चाळणीत ठेवून, चाळणी खोलगट भांड्यावर आणि पुरचुंडीवर पाण्याने भरलेला तांब्या अशी मांडणी करून सगळे फ्रीजमध्ये ठेवावे. थंडीत पाणी सावकाश निथळते, म्हणून दहा ते बारा तास द्यावेत. मधे एकदा पुरचुंडी सोडून कडेचा घट्ट चक्का मध्यभागी आणि मधला सैल चक्का कडेला घ्यावा. ही शेवटची गोष्ट फार थोडे जण करतात. बाहेरून कोरडा दिसणारा गोळा आत ओला राहतो, तो यामुळेच.

आता साखर घातल्यावर श्रीखंड सैल का पडते ते पाहू. चांगल्या निथळलेल्या चक्क्यातही निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच असते, पण ते प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असते. साखर मिसळली की ती त्याच पाण्यात विरघळून त्याचा पाक होतो आणि वाहू शकेल अशा भागाचे प्रमाण एकदम वाढते. त्यामुळे चक्का डोळ्यांना पुरेसा वाटतो त्याहून एक पायरी जास्त कोरडा हवा. तो हातावर घेऊन पेढ्यासारखा वळता आला पाहिजे, आणि तो गोळा ताटलीत अर्धा तास ठेवला तरी कडेने पाणी सुटता कामा नये. एक किलो चक्क्याला साडेसातशे ते आठशे ग्रॅम साखर घालावी. वाटीला वाटी हे जुने प्रमाण थोड्या आंबट चक्क्यासाठी ठीक आहे. गोड दह्याच्या चक्क्याला इतकी साखर लागत नाही. विकतच्या पिठीसाखरेत कधी कधी गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचे पीठ मिसळलेले असते आणि ते श्रीखंडाला पिठूळ चव देते, म्हणून साखर घरीच दळावी किंवा बारीक दाण्याची साखर चक्क्यात मिसळून दोन तास झाकून ठेवावी. साखर पूर्ण विरघळल्यावरच पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीवरून हाताने फिरवावे. मिक्सरला मात्र श्रीखंड मुळीच लावू नये. त्याची पाती चक्क्याचे जाळे तोडतात, अडकलेले पाणी मोकळे होते, आणि दोन मिनिटांत श्रीखंडाचे लस्सीच्या वळणाचे काहीतरी होऊन बसते.

केशर चमचाभर कोमट दुधात अर्धा तास भिजवून खलावे. वेलची ताजी कुटावी. जायफळ अगदी चिमूटभर, कारण थोडे जास्त झाले तरी त्याची चव सगळ्यावर बसते. चारोळी घालण्यापूर्वी दोन दाणे चावून पाहावेत, कारण ती लवकर खवट होते आणि खवट चारोळीने आख्खे पातेले वाया जाते. चिमूटभर मीठ घालायला विसरू नये. तयार श्रीखंड किमान सहा तास फ्रीजमध्ये विसावू द्यावे. मिसळल्यावर जेवढे सैल वाटते, त्याहून ते बरेच आळते. फ्रीजमध्ये ते पाच-सहा दिवस चांगले राहते, मात्र दर वेळी कोरडा डाव वापरावा.

तुमच्या चाळीस माणसांसाठी पुरीबरोबर माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम धरले, तर साडेचार किलो श्रीखंड पुरेल. त्याला अडीच किलो चक्का आणि दोन किलो साखर लागेल. एका लिटर चांगल्या म्हशीच्या दुधाचा साधारण साडेतीनशे ग्रॅम चक्का निघतो, म्हणून साडेसात लिटर दूध घ्यावे. दही एकाच मोठ्या पातेल्यात न लावता दोन-अडीच लिटरच्या भांड्यांत लावावे. मोठे पातेले मधे बराच वेळ गरम राहते, त्यामुळे मधले दही कडेच्या दह्यापेक्षा आंबट होते. निवळी ओतून देऊ नये. पुऱ्यांची कणीक तिने मळली तर पुऱ्या खुसखुशीत होतात, आणि उरलेली निवळी कढीत किंवा थालीपिठाच्या भाजणीत जिरते.

मेमध्ये आम्रखंड करावेसे वाटणे साहजिक आहे. फक्त आंब्याचा रस म्हणजे पुन्हा पाणी, हे लक्षात ठेवावे. हापूसचा घट्ट रस जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा, पूर्ण थंड करावा आणि मग एक किलो चक्क्याला तीनशे ग्रॅम आटवलेला रस व सहाशे ग्रॅम साखर या प्रमाणात मिसळावा. रेषा असलेला आंबा असेल, तर रस आधी गाळून घ्यावा. अननसाचे मात्र काटेकोर पाळावे. न शिजवलेल्या अननसात प्रथिने तोडणारे ब्रोमेलिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे कच्च्या फोडी घातलेले श्रीखंड काही तासांत पातळ आणि कडू होते. फोडी साखरेत शिजवून घेतल्या की उष्णतेने त्या द्रव्याचे काम थांबते आणि मग त्या निर्धास्त घालता येतात. फळे घातलेले कोणतेही श्रीखंड दोन दिवसांत संपवावे.

आता पन्हे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे देण्याची आपली रीत अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते, म्हणजे पन्ह्याचा खरा हंगाम मेच्या आधीच सुरू होतो. मेपर्यंत बऱ्याच कैऱ्यांना आतून पिवळेपणा आलेला असतो. तुम्ही कैरी घेताना एक कापून पाहावी. गर पांढरा-हिरवट, कडक आणि आंबट असावा, कोय धरलेली पण फार कठीण झालेली नसावी. देठ काढून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे चीक निघून जातो. चीक राहिला तर पन्ह्यात एक तुरटपणा येतो आणि काहींच्या घशालाही त्याचा त्रास होतो.

कैऱ्या पाण्यात बुडवून उकडण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्यात कैरीची साल फुटते, आंबटपणा पाण्यात उतरतो आणि पाणी गरात शिरते. त्याऐवजी कैऱ्या कोरड्या भांड्यात ठेवून ते भांडे कुकरमध्ये ठेवावे आणि तीन शिट्ट्या कराव्यात. विस्तवावर भाजलेल्या कैरीचे पन्हेही सुंदर होते. त्याला धुराचा वास येतो आणि गर आणखी घट्ट मिळतो, परंतु एक-दोन किलोसाठी तो उद्योग परवडतो, त्यापुढे नाही. कैऱ्या निवल्यावर सालीला चिकटलेला गरही चमच्याने खरवडून घ्यावा, कोय चोळून काढावी आणि सगळा गर चाळणीवरून फिरवून त्याचे वजन करावे.

वजन हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तुम्ही गराइतकाच गूळ, वाटीला वाटी घेता असे लिहिले आहे. गराची वाटी भरगच्च असते. चिरलेल्या गुळाच्या वाटीत मधे हवा असते. म्हणजे मापाने समान वाटणारा गूळ वजनाने गरापेक्षा बराच कमी भरतो. आणि तो वजनाने समान असता तरी पुरला नसता. फळांचे पाक आणि सरबते टिकण्यासाठी त्यांच्यात विरघळलेल्या घन भागाचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असावे लागते. त्याखाली बहुतेक जातींच्या यीस्टना वाढायला पाणी मिळते. कैरीच्या गरात स्वतःचा घन भाग साधारण ८ टक्के धरला, तर ५०० ग्रॅम गरात ५०० ग्रॅम साखर घातल्यावर हे प्रमाण ५४ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. ६५ टक्के गाठायला ८१५ ग्रॅम साखर लागते. गुळात स्वतःचे थोडे पाणी असते, म्हणून गूळ ९०० ग्रॅम घ्यावा. हा आकडा ऐकून पन्हे फार गोड होईल असे वाटते, पण हा गर आहे, पन्हे नव्हे. प्यायच्या वेळी त्यात चार-पाच पट पाणी पडते आणि गोडी बरोबर होते. ज्यांना इतकी साखर नको असेल त्यांनी निम्म्या प्रमाणाचा गर जरूर करावा, मात्र तो टिकाऊ समजू नये. चार-पाच दिवसांत संपेल इतकाच करावा, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. मधुमेहामुळे साखरेऐवजी दुसरे गोडवणारे द्रव्य वापरले, तरी हीच गोष्ट लागू होते, कारण ते गोडी देते पण पाणी बांधत नाही.

गूळ वापरायचा असेल तर तो चिरून अर्धी वाटी पाण्यात गरम करावा, गाळावा, म्हणजे माती आणि चिपाडाचे तुकडे निघून जातात, आणि घातलेले पाणी आटेपर्यंत उकळून मग त्यात गर मिसळावा. साखरेच्या पन्ह्याचा रंग फिका हिरवट-पिवळा राहतो, गुळाच्या पन्ह्याचा तपकिरी होतो. रंगासाठी मी साखर निवडीन आणि चवीसाठी गूळ. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर पाहुण्यांसाठी मला ते सर्वांत पसंत पडते. मिश्रणाला जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात एक चांगली उकळी आणावी, मीठ घालावे, आणि कोरड्या, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच काठोकाठ भरावे. बाटलीही त्या वेळी कोमट असावी, नाही तर ती तडकते. अर्धवट भरलेल्या बाटलीत वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब गराच्या पृष्ठभागावर पडतात आणि तेवढ्या पातळ थरातली साखर कमी होते. बुरशी नेहमी तिथूनच सुरू होते. ओल्या चमच्याचेही असेच होते. वेलची आणि केशर गरात न घालता पन्हे करताना घालावे. उकळीत त्यांचा सुगंध उडून जातो. एक किलो कैरीचा साधारण अर्धा किलो गर निघतो, आणि वरच्या प्रमाणाने त्याचा तयार गर सव्वा किलोच्या पुढे भरतो. पाव ग्लासापेक्षा थोडे कमी, म्हणजे तीसएक ग्रॅम गर आणि १३० मिलिलिटर थंड पाणी असे धरले तर तेवढ्यात तुमच्या चाळीस माणसांचे पन्हे होते. एक बाटली जास्तीची करून ठेवावी, इतकेच.

गर फसफसला, बाटली उघडताना आवाज झाला किंवा दारूसारखा वास आला, तर तो उकळून वापरू नये, टाकून द्यावा. काचेच्या बाटलीत वायू साठला असेल, तर झाकण टॉवेलने धरून, बाटलीचे तोंड दुसरीकडे वळवून उघडावे. बुरशीचा पापुद्रा वरून काढून खालचे वापरण्याचा मोहही टाळावा.

आता कोकमाकडे येऊ, आणि आधी त्या खारटपणाचा उलगडा करू. रातांब्यापासून, म्हणजे कोकमाच्या फळापासून, घराघरांत तीन वेगळ्या वस्तू होतात आणि शहरात त्या तिन्ही कोकम याच नावाने विकल्या जातात. आमसूल म्हणजे रातांब्याची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली. आगळ म्हणजे भरपूर मीठ घालून काढलेला रस, जो सोलकढीसाठी आणि आमटीसाठी असतो. आणि साखरेत मुरवून काढलेला पाक म्हणजे अमृत कोकम. सरबतासाठी तिसरी वस्तू लागते. तुम्ही बाटलीवर फक्त कोकम हा शब्द पाहून आगळ आणले असावे, आणि त्यात किती साखर घातली तरी मीठ जाणार नाही. ती बाटली सोलकढीसाठी ठेवा. बाटली घेताना घटकांच्या यादीत मीठ आहे की साखर, एवढे पाहिले की पुन्हा घोटाळा होत नाही.

ताजे रातांबे मिळत असतील तर अमृत कोकम घरी करण्यासारखे दुसरे सुख नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात एप्रिल-मेमध्ये फळ येते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पावसाच्या पहिल्या सरीनंतरचे फळ सरबतासाठी घेऊ नये, कारण ते पाणी धरते आणि उन्हात मुरवायला ऊनही उरत नाही. गडद लाल, घट्ट फळे धुवून एकेक फळ कोरडे पुसावे. मग मधून चिरून बिया व त्यांभोवतीचा पांढरा गर बाजूला काढावा, म्हणजे सालीच्या वाट्या उरतात. एक किलो वाट्यांना दोन किलो साखर या प्रमाणात प्रत्येक वाटीत साखर भरून त्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीत थराथराने रचाव्यात, वरती साखरेचा थर द्यावा, तोंडाला कापड बांधावे आणि बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवावी. साखर सालीतले पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर रंग व आंबटपणाही उतरतो. बरणी रोज कोरड्या लाकडी उलथन्याने ढवळावी, तळाशी साखर बसू देऊ नये. साखर पूर्ण विरघळली आणि साली आक्रसून चिवट झाल्या की पाक गाळून बाटल्यांत भरावा. त्या सालींना फेकू नये. त्या वाळवून मुलांना चघळायला देता येतात. बियांभोवतीच्या गराचा रस काढून तो पाकात मिसळणारी घरेही आहेत, पण त्याने रंग फिका होतो आणि पाणी वाढते, म्हणून मी तो आमसुले भिजवायला ठेवते. बिया वाळवल्या की त्यांचे भिरंडेल निघते, जे थंडीत टाचांच्या भेगांना लावतात.

शहरात रातांबे मिळाले नाहीत तर आमसुलांचे सरबत करावे. १०० ग्रॅम चांगली, मऊ, काळपट-लाल आमसुले घ्यावीत. वरचे मीठ जाण्यापुरती ती एकदाच झटपट धुवावीत आणि अर्धा लिटर कोमट पाण्यात चार तास भिजवावीत. नंतर हाताने कुस्करून, दाबून गाळावे. साधारण ४५० मिलिलिटर अर्क मिळतो. त्याला ८५० ग्रॅम साखर लागते, हिशेब पन्ह्याचाच आहे. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवावे. हे न उकळलेले सरबत असल्याने फ्रीजमध्येच ठेवावे.

इथे रंगाचा मुद्दा येतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा असतो आणि त्यांना जास्त वेळची उष्णता, उजेड आणि धातू तिन्ही मानवत नाहीत. पाक घट्ट व्हावा म्हणून तो वीस मिनिटे उकळला, की लाल रंगाला तपकिरी छटा येते. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियमची भांडी कोकमाच्या जवळही आणू नयेत. कोकम तीव्र आंबट असते, आम्ल धातू विरघळवते आणि रंग व चव दोन्ही बिघडतात. बाटली कपाटातल्या अंधारात किंवा फ्रीजमध्ये ठेवावी, खिडकीत दिसायला छान दिसते म्हणून तिथे ठेवू नये. टिकण्यासाठी काही जण पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. पन्ह्यासारख्या फिक्या सरबतात ते चालते, पण त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा रंग उडवतो. म्हणूनच कारखान्यांत लाल-जांभळ्या फळांच्या सरबतांना सोडियम बेंझोएट वापरतात. घरच्या बरणीत ६५ टक्के साखर आणि कोकमाचा स्वतःचा आंबटपणा एकत्र असताना मला या दोन्हींची गरज वाटत नाही. आणि एक गोष्ट मनापासून सांगते: लालभडक रंगाचा हट्ट सोडावा. घरच्या कोकम सरबताचा रंग ग्लासात गडद गुलाबी दिसतो. बाजारात त्याहून भडक दिसते तिथे पुष्कळदा रंग घातलेला असतो.

वाढताना एक भाग पाकाला पाच भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजून कुटलेले जिरे एवढे पुरे आहे. सोलकढी करणार असाल तर नारळाचे दाट दूध आणि आगळ वाढण्यापूर्वी तासभरच एकत्र करावे, त्यात लसूण-मिरचीचे वाटण घालावे आणि ती मुळीच तापवू नये. आम्लात नारळाचे दूध उष्णतेने लगेच फाटते. दुपारपर्यंत संपली नाही तर ती रात्रीसाठी ठेवू नये.

लिंबाच्या सरबताबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. साखरेचा एकतारी पाक करून तो पूर्ण थंड झाल्यावर त्यात लिंबाचा रस मिसळावा, रस कधीही उकळू नये, आणि लिंबू पिळताना सालीवर व बियांवर जोर देऊ नये, एवढे सांभाळले की कडवटपणा येत नाही. उरलेल्या श्रीखंडाचे पियूष करण्याचा बेत उत्तम आहे: एक वाटी श्रीखंडाला दीड वाटी ताजे, गोडे, लोणी काढलेले ताक घालून रवीने घुसळावे, वर जायफळ किसावे. आंबट ताकाचे पियूष करू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. कोकमाचा पाक आणि पन्ह्याचा गर आठ दिवस आधी करून बाटल्यांत भरावा. वास्तुशांत रविवारी असेल, तर दूध शुक्रवारी सकाळी तापवून दुपारी विरजण लावावे, संध्याकाळी दही फ्रीजमध्ये, रात्री टांगणे, शनिवारी दुपारी साखर मिसळून संध्याकाळी पुरणयंत्रातून काढणे. साडेसात लिटरचे दही एका घरगुती फ्रीजमध्ये मावणार नाही. शेजारच्या घरातला एक कप्पा शुक्रवारच्या रात्रीसाठी आधीच मागून ठेवावा. सरबतांसाठी बर्फ विकत आणणार असाल, तर तो खाण्यायोग्य पाण्याचा आहे याची विचारणा करावी. मासे-भाजी थंड ठेवण्यासाठीच्या अखाद्य बर्फात निळा रंग घालणे महाराष्ट्रात २०१८ पासून बंधनकारक आहे, तेव्हा निळसर लादी दिसली तर ती घेऊच नये. त्याहून सोपे म्हणजे शनिवारी थोडे पन्हे आणि थोडे कोकम सरबत बर्फाच्या साच्यांत गोठवून ठेवावे. ते खडे ज्या त्या सरबतात सोडले की वितळताना चव पातळ होत नाही.